आधी रूळ, मग दांड्या

चि. भाचेबुवांस,

 

जर्मन रेल्वेच्या ई ९४ जातीच्या विद्युत इंजिनावर दारांशेजारी ज्या उभ्या लोखंडी दांड्या असतात, त्यांची जाडी तीस मिलिमीटर धरली, तर झेड प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तूच्या २२०व्या हिश्श्यात, ती सुमारे ०.१४ मिलिमीटर भरते. सहज मिळणारी ०.१ मिलिमीटरची पितळी तार या कामाला पुरते, कारण प्रमाणात ती २२ मिलिमीटरची होते आणि हा फरक कोणाही माणसाच्या डोळ्याला कळण्याजोगा नाही. या दांड्यांसाठी कोणती तार घ्यावी, या चिरंजीवांनी पत्रात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे संपते. मात्र त्याच पत्रात पुढे, कारखान्याने अंगासरशी ओतलेल्या दांड्या ब्लेडने तासून काढल्याचे, त्यापायी भिंगाखाली रात्री घालवल्याचे आणि तेव्हापासून गाडी रुळांवर ठेवलीच नसल्याचे जे अभिमानाने कळवले आहे, ते वाचून एका ओळीत पत्र आवरते घेणे मामाला जमलेले नाही. आणि सोबतच्या छायाचित्रात त्या इंजिनाखालचे रूळ दिसल्यानंतर तर मुळीच नाही.

ही विद्या मुळात कशासाठी उभी राहिली, हे आधी पाहावे लागते. न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कारखान्याने १९६० साली ९ मिलिमीटर गेजची गाडी बाजारात आणली (गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर), आणि पुढे १:१६० हे प्रमाण तिच्याशी जोडले जाऊन एन प्रमाण रूढ झाले. १९७२ साली मार्क्लिन कारखान्याने ६.५ मिलिमीटर गेजची, १:२२० प्रमाणाची झेड गाडी आणली. तो कारखाना ज्या गोपिंगेन गावात आहे, तिथे चिरंजीवांच्या स्टुटगार्टच्या घरून आगगाडीने तासाभरात जाता येते आणि तरीही चिरंजीवांनी अद्याप तिथले संग्रहालय पाहिलेले नाही, ही नोंद जाता जाता करून ठेवणे आवश्यक आहे. २००६ साली जपानमधील एइशिंदो या कंपनीने त्याहूनही लहान, १:४५० प्रमाणाची, ३ मिलिमीटर गेजची टी गाडी लोकांपुढे मांडली. या सर्व खटाटोपाचा हेतू एकच होता: मोठ्या प्रमाणात जी गोष्ट घराच्या खोलीत मावतच नाही, ती गोष्ट, म्हणजे भोवतालच्या मुलखातून जाणारी लांब गाडी, टेबलावर मावावी. दाराची दांडी दाखवायची असेल तर त्यासाठी १:४३ वा १:४५चे ओ प्रमाण आधीच उपलब्ध होते व आहे.

तपशील या शब्दाने चिरंजीव जे समजतात, म्हणजे प्रतिकृतीवर वेगळी चिकटवलेली वस्तू, तो अतिलघु प्रमाणातला सर्वांत दुय्यम तपशील होय, असे मामाचे ठाम मत आहे. या प्रमाणांत खरा तपशील हा वस्तूंच्या परस्पर मापांत असतो, आणि तो बिघडला की वरून कितीही तारा लावल्या तरी गाडी खेळण्याचीच राहते. याचा पहिला दाखला रूळ. प्रतिकृतींच्या रुळांची उंची ‘कोड’ या संज्ञेने सांगतात आणि कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली उंची. कोड ८० म्हणजे ०.०८० इंच, अर्थात सुमारे दोन मिलिमीटर. युरोपातील मुख्य मार्गांवर आज सर्रास वापरला जाणारा, मीटरला ६० किलो भरणारा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. एन प्रमाणात जुना कोड ८० रूळ १६० पटींनी वाढवला तर तो ३२५ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होतो, तर कोड ४० रूळ १६३ मिलिमीटर भरून खऱ्याच्या अगदी शेजारी येऊन बसतो. चिरंजीवांच्या टेबलावरील झेड रूळ सुमारे दीड मिलिमीटर उंच आहेत. त्यांना २२०ने गुणले की ३३० मिलिमीटर येतात. थोडक्यात, ०.१४ मिलिमीटरच्या दांडीसाठी रात्र जागवणारा गृहस्थ ती दांडी अशा इंजिनावर लावतो आहे, जे जवळजवळ गुडघ्यापर्यंत पोहोचणाऱ्या दोन चकचकीत भिंतींवर उभे आहे.

यावर उपाय नाही असे नाही. इंग्लंडच्या पेको कारखान्याने एन प्रमाणासाठी कोड ५५चा जो रूळ काढला, त्याची युक्ती चिरंजीवांनी नीट समजून घ्यावी: तो रूळ प्रत्यक्षात उंचच असतो, परंतु त्याला एकावर एक असे दोन तळ असतात आणि खालचा तळ स्लीपरच्या प्लास्टिकमध्ये गाडलेला असतो, त्यामुळे बळकटी उंच रुळाची मिळते आणि डोळ्याला मात्र ठेंगणा रूळ दिसतो. झेडमध्ये हीच गोष्ट खडी आणि रंग यांच्या साहाय्याने साधते. रुळाच्या दोन्ही बाजू गंजाच्या, म्हणजे तांबूस करड्या रंगाने रंगवल्या, स्लीपरांमधील खडी रुळाच्या तळापर्यंत भरली आणि केवळ वरची चालती कड चमकती ठेवली, तर उंच रुळाचा निम्मा भाग नजरेतून निघून जातो. हे काम एका संध्याकाळचे आहे, त्याला भिंग लागत नाही, आणि त्याने गाडीचे रूप जितके पालटते तितके सर्व दांड्या, पायऱ्या, पुसण्या व शिट्ट्या लावूनही पालटणार नाही.

खडीबद्दल आता बोलणे भाग आहे. रेल्वेमार्गावरची खडी साधारणपणे २० ते ६५ मिलिमीटर आकाराची असते. ५० मिलिमीटरचा खडा झेडमध्ये ०.२३ मिलिमीटरचा होतो. छायाचित्रातील खडी, जी डबीवरील नावाप्रमाणे एन प्रमाणाची आहे, तिचे काही दाणे मिलिमीटरभर दिसतात, म्हणजे मार्गावर वीत-वीत लांबीचे धोंडे पसरलेले आहेत. दुकानदाराच्या डबीवर काय छापले आहे यावर विश्वास ठेवण्याची सवय चिरंजीवांना लहानपणापासूनच आहे, पतंगाच्या मांज्यापासून तिचे परिणाम घरच्यांनी पाहिलेले आहेत. बारीक चाळणीतून चाळलेली साधी रांगोळी, तिच्यात थोडी राख आणि थोडी विटेची पूड मिसळून, या कामाला उत्कृष्ट ठरते. ती दिवाळीच्या फराळाबरोबर पाठवण्यास चिरंजीवांच्या मातोश्री आनंदाने तयार होतील, फक्त पिशवीवर ठळक अक्षरांत रांगोळी असे लिहिलेले असावे, कारण परदेशी विमानतळावर पांढऱ्या भुकटीची पुडी काय गोंधळ घालील हे सांगता येत नाही.

चाकांचा विषय रुळांना लागूनच येतो. चाकाच्या आतल्या कडेला जी उंच किनार असते आणि जिच्यामुळे चाक रुळावरून घसरत नाही, तिला फ्लँज म्हणतात. खऱ्या चाकावर ती सुमारे २८ मिलिमीटर उंच असते. झेडमध्ये ती ०.१३ मिलिमीटर व्हायला हवी, पण प्रतिकृतीतली किनार त्याच्या कितीतरी पट, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. हा कारखानदाराचा आळस मानण्याचे कारण नाही. लांबी २२० पटींनी घटली की वजन त्या संख्येच्या घनाने, म्हणजे एक कोटीहून अधिक पटींनी घटते. सुमारे ११९ टनांचे ई ९४ इंजिन झेडमध्ये हिशेबाने ११ ग्रॅमचे होते. इतक्या हलक्या वस्तूला रुळाच्या सांध्यातील केसाएवढा उंचवटाही उडवून लावू शकतो, आणि सुताचा ०.०२ मिलिमीटर जाडीचा तंतू तिच्या दृष्टीने सुमारे साडेचार मिलिमीटरचा दोर ठरतो, जो चाक व रूळ यांच्यामध्ये आला की वीजप्रवाह तुटतो आणि गाडी थांबते. म्हणून कारखाने इंजिनाचा सांगाडा धातूचा करून वजन मुद्दाम वाढवतात, आणि टी प्रमाणात तर चाकांना चुंबकत्व देऊन ती पोलादी रुळांना धरून ठेवण्याची सोय केलेली असते. तात्पर्य, निसर्गाचे नियम प्रमाणानुसार लहान होत नाहीत, आणि कोठे प्रमाण सोडावे याचा निर्णय घेणे हीच या कलेतली खरी पारख आहे. जी चाके ७२० किलोमीटर धावू शकतात, त्यांना पेटीत ठेवणे ही पारख नव्हे. १९७८ साली मार्क्लिनच्या एका साध्या झेड इंजिनाने सहा डबे ओढत १,२१९ तास न थांबता तेवढे अंतर कापले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली, हे चिरंजीवांना ठाऊक नसावे असे वाटत नाही.

डोळ्याचे गणितही चिरंजीवांनी मांडलेले दिसत नाही. निरोगी मानवी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले दोन बिंदू वेगळे ओळखतो; हे अंतर ३० सेंटिमीटरवर ०.०९ मिलिमीटर आणि एक मीटरवर ०.२९ मिलिमीटर भरते. झेड प्रमाणात एक मीटरवरून पाहणाऱ्याला, म्हणजे टेबलाशेजारी उभ्या असलेल्या कोणालाही, ६४ मिलिमीटरपेक्षा लहान गोष्टी सुट्या दिसूच शकत नाहीत. एखादी एकटी गडद किंवा चमकती रेषा याहून बारीक असली तरी जाणवते, हे खरे, पण ती जाणवते इतकेच. तिची जाडी कळत नाही आणि ती अंगाबाहेर आहे की अंगावर ओतलेली आहे हे तर मुळीच कळत नाही. तासून काढलेल्या त्या ओतीव दांड्यांच्या माथ्यावरून कोरड्या ब्रशने फिकट रंगाचा एक हात फिरवला असता, तर ०.१ मिलिमीटरच्या तारेने जे साधणार आहे तेच साधले असते. आता त्या नाहीत, तेव्हा त्यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही.

रंगाचा मुद्दा याच गणितातून निघतो आणि तो बहुतेकांकडून निसटतो. झेडची गाडी अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरी गाडी ११० मीटरवरून पाहणे. एवढ्या अंतरावरून रंग कमी गडद भासतात आणि चकाकीही कमी जाणवते. म्हणून मूळ इंजिनाच्या रंगाशी तंतोतंत जुळवलेला रंग लहान प्रतिकृतीवर गडद व भडक दिसतो, आणि जाणकार कारागीर त्यात मुद्दाम थोडा पांढरा वा करडा मिसळतात. शिवाय रंगाच्या थरालाही जाडी असते: ०.०३ मिलिमीटरचा एक हात प्रमाणात साडेसहा मिलिमीटरचा लेप ठरतो, आणि असे तीन हात दिले की खिडक्यांच्या चौकटींचे कोपरे बुजून जातात. चिरंजीवांच्या इंजिनाच्या छपरावर नेमके हेच झालेले दिसते.

संपूर्ण दृश्याचा विचार तपशिलाच्या आधी केला म्हणजे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण लंडनमध्ये आहे. १९१० साली स्थापन झालेल्या तेथील मॉडेल रेल्वे क्लबने किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडील वस्तीची, दोन महायुद्धांमधल्या काळातील, ‘कोपनहेगन फील्ड्स’ नावाची प्रतिकृती १९८०च्या दशकात आरंभली. तिचे प्रमाण फुटास दोन मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:१५२ आहे; परंतु पाहणाऱ्यापासून जसजसे दूर जावे तसतशी मागची घरे, रस्ते व चिमण्या क्रमाने अधिक लहान प्रमाणात बांधलेल्या आहेत, त्यामुळे टेबलाच्या मर्यादित रुंदीत मैलभर पसरलेल्या शहराचा भास होतो. त्या मागच्या घरांना दाराच्या कड्या नाहीत आणि त्यांची उणीव कोणाला भासल्याचे ऐकिवात नाही. याच मंडळींच्या परंपरेत रुळांच्या बाबतीत मात्र कसलीही सूट नसते: १:१५२.४ प्रमाणात १४३५ मिलिमीटरचे गेज ९.४२ मिलिमीटर येते, म्हणून ते बाजारातील ९ मिलिमीटरचे रूळ नाकारतात आणि त्या ०.४२ मिलिमीटरसाठी रूळ व सांधे हाताने बसवतात. कोठे हट्ट धरावा आणि कोठे सोडावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

चिरंजीवांनी पुढील वर्षी भोर घाट झेडमध्ये करण्याचा जो मनोदय व्यक्त केला आहे, त्यालाही हाच न्याय लावावा. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे; झेडमध्ये ते ७.६ मिलिमीटर व्हायला हवे, आणि तयार रूळ ६.५ मिलिमीटरचे, म्हणजे प्रमाणात १४३० मिलिमीटरचे. जपानी लोकांची अडचण नेमकी उलट आहे, तिथल्या १०६७ मिलिमीटरच्या मार्गावरील गाड्या १:१५० प्रमाणात ९ मिलिमीटरच्या रुळांवर चालवल्या जातात आणि त्यांचे रूळ खऱ्यापेक्षा पसरट दिसतात. पण पसरट रुळांवरची गाडी स्थिर तरी वाटते, अरुंद रुळांवरची रुंद भारतीय गाडी मात्र समोरून पाहताच डगमगती दिसते. रूळ हाताने घालण्याची तयारी नसेल, तर भोर घाटाच्या वाटेला जाऊ नये. कर्जतच्या फलाटावर पावसात उभे राहून ज्यांनी गाडीच्या पाठीमागे बँकर, म्हणजे घाट चढवण्यासाठी मागून लोटणारी जोडइंजिने, लागताना पाहिली आहेत, आणि ‘खेकड्या’च्या, म्हणजे जुन्या डब्ल्यूसीजी-१ इंजिनाच्या, कण्हण्याची नक्कल करून ज्यांनी सगळा डबा हसवला आहे, त्यांनी निदान तो घाट डगमगता करू नये.

चिरंजीवांनी सध्या झेडमध्ये हाती घेतलेली, जर्मन रेल्वेमार्गावरील गाइसलिंगेनची चढण तेवढ्याच तोलाची आहे. १८५० साली सुरू झालेली ही चढण ४४.५ मीटरमागे एक मीटर चढते, आपला घाट ३७ला एक असा चढतो, आणि ई ९४ इंजिने तिथेही गाड्यांना मागून लोटण्याचेच काम करीत असत. तिची लांबी साधारण ५.६ किलोमीटर, म्हणजे झेडमध्येसुद्धा साडेपंचवीस मीटर. मुख्य मार्गावरील ३०० मीटर त्रिज्येचे वळण १.३६ मीटर त्रिज्येचे होते, तर चिरंजीवांच्या टेबलावरील वळणाची त्रिज्या १४५ मिलिमीटर, अर्थात खरी धरली तर ३२ मीटर आहे. त्यामुळे काटछाट अटळ आहे: एक वळण, एक भिंतीसारखा कडा, मागे जंगल, आणि वळणाचा आवळलेला भाग बोगद्यात दडवलेला. गाडी मात्र मंद हवी. ताशी ६० किलोमीटर म्हणजे झेडमध्ये सेकंदाला साडेसात सेंटिमीटर, आणि चढणीवर त्याहूनही कमी. हा वेग हाच सर्वांत मोठा तपशील आहे, तो तारेने लावता येत नाही, आणि त्याच्यासाठी चाके स्वच्छ, रूळ सपाट व हात संयमी लागतो.

आता जे लिहिण्यासाठी खरे तर पत्राला बसणे झाले, ते. चिरंजीवांच्या मातोश्रींकडून फोनवर कळते की चिरंजीव रात्री दीड-दोनपर्यंत दिव्याखाली वाकून बसतात, सकाळी डोळे लाल असतात, मान धरते, आणि ऑफिसातही चित्त नसते. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, त्याची वाफ डोळ्यांना व श्वासाला झोंबते. शिसेमिश्रित कथिलाने झाळकाम करताना निघणारा धूर बंद खोलीत, तोही हिवाळ्यात खिडक्या लावून, घेण्याची वस्तू नाही. डबे सोडवण्यासाठी मागवलेली ती बारीक निओडिमियम चुंबके तर आजच कुलपात जावीत: लहान मुलाने अशी दोन चुंबके गिळली तर ती आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून आतडे फाडू शकतात, आणि घरात तीन वर्षांचे पोर आहे हे भिंगातून दिसत नसले तरी खरे आहे. ते पोर रोज गाडी चालवा म्हणते आणि त्याला रोज ‘हात लावू नकोस’ असे ऐकवले जाते, हेही फोनवरूनच कळले. कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातून ज्यांना हात धरून ओढत बाहेर काढावे लागले होते, त्यांच्या घरात गाडी बंद असावी, हे मामाच्या समजुतीपलीकडचे आहे. तिथे १:८७च्या इंजिनांवर कोणत्या दांड्या होत्या, हे तेव्हा कोणी विचारले नव्हते.

तेव्हा पुढीलप्रमाणे करावे. दांड्यांचे काम जेथे आहे तेथेच थांबवावे. रुळांच्या बाजू रंगवाव्यात, खडी खरवडून काढून रांगोळी येईपर्यंत जागा तशीच ठेवावी, इंजिनाची चाके स्पिरिटने पुसून गाडी रुळांवर ठेवावी, आणि वेग कमीत कमी ठेवून तिचा नियंत्रक त्या पोराच्या हाती द्यावा. गाडी घसरली तर घसरू द्यावी, एवढ्या हलक्या वस्तूला पडून फारसे लागत नाही. महिन्याच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घ्यावेत आणि चष्म्याचा नंबर आईला कळवावा, मामाला नव्हे, कारण मामाला खोटे सांगण्याची चिरंजीवांना सवय आहे. पुढील पत्रासोबत जे छायाचित्र येईल ते उभे राहून, मीटरभर अंतरावरून काढलेले असावे, आणि त्यात गाडी चालती असावी.

कळावे, सर्वांस अनेक आशीर्वाद.

मामा